बारा हजारांचं पिल्लू की पस्तीस हजारांचं?

प्रश्न थोडक्यात असा. पिंपळे सौदागरच्या एक ताई विचारतात : घरात नवरा-बायको दोघं नोकरीला, नऊ वर्षांचा मुलगा आणि अडुसष्ट वर्षांच्या सासूबाई. तिसऱ्या मजल्यावर दोन बेडरूमचा फ्लॅट. लॅब्रॉडॉरचं पिल्लू घ्यायचंय, त्यासाठी २५ हजार बाजूला काढलेत. एक जण १२ हजारांत द्यायला तयार आहे. 'पेपर नाहीत, पण प्युअर आहे' म्हणतो. दुसरा केसीआयच्या, म्हणजे केनेल क्लब ऑफ इंडियाच्या, वंशनोंदणीच्या कागदांसकट ३५ हजार मागतो. नुसत्या कागदाचे २३ हजार जास्त, ही लूट नाही का? आणि २५ हजारांत चांगलं पिल्लू कुठे मिळेल? जूनमध्ये मुलाचा वाढदिवस आहे, तेव्हा ते घरी आणायचंय.

ताई, मी पशुवैद्य आहे. परळच्या कॉलेजातून बाहेर पडले त्याला पंचवीस वर्षं होऊन गेली, त्यातली बावीस पिंपरी-चिंचवडमध्ये दवाखाना चालवण्यात गेली. हा प्रश्न महिन्यातून दोन-तीनदा तरी माझ्यासमोर येतो, फक्त तो बहुतेक वेळा पिल्लू घेऊन झाल्यावर येतो. तुम्ही आधी विचारलंत, त्यामुळे उत्तर जरा लांबवते.

तुम्ही दोन किमती शेजारी ठेवून बघताय. मला मात्र आधी हे बघायचंय की पिल्लू घरी आल्यानंतरचे पैसे तुम्ही कुठे धरलेत. ते तुमच्या प्रश्नात कुठेच नाहीत. २५ हजार हा आकडा तुम्ही पिल्लाच्या किमतीसाठी काढलाय, आणि लॅबच्या बाबतीत किंमत हा पहिल्या वर्षातला सगळ्यात मोठा खर्च कधीच नसतो. चार आण्याची कोंबडी अन् बारा आण्याचा मसाला म्हणतात ना, तसं. म्हणून मी माझ्याकडे येणाऱ्यांना उलटीकडून हिशोब करायला लावते : आधी महिन्याचा खर्च, मग अडीअडचणीची रक्कम, आणि पिल्लाची किंमत सगळ्यात शेवटी.

खाली जे आकडे देतेय ते माझ्या भागातले, माझ्या दवाखान्यात आणि आसपास दिसणारे आहेत. कोथरूड-बाणेरला ते थोडे वर जातील, सांगली-लातूरला बरेच खाली येतील. घरात मांस शिजतं का, दिवसा कुणी असतं का, सुट्टीत गावी जाता तेव्हा कुत्र्याला नेता येतं का, यावर तर ते दुप्पट-निमपट होतात. तेव्हा माझे आकडे जसेच्या तसे घेऊ नका, त्यांच्या जागी तुमचे भरा.

सुरुवात खाण्यापासून. लॅबचं आठ आठवड्यांचं पिल्लू पाच-सात किलोचं असतं आणि वर्षाच्या आत तेच पंचवीस-तीस किलोवर जातं. एवढी वाढ अन्नातूनच व्हायची. तयार कोरडं खाणं द्यायचं ठरवलं तर मध्यम प्रतीचं साधारण ३५० ते ४५० रुपये किलो पडतं, आणि पहिल्या वर्षात सरासरी महिन्याला नऊ-दहा किलो लागतं. म्हणजे महिन्याला पावणेचार हजार, वर्षाचे ४५ हजार धरा. घरी चिकन, अंडी, भात, भोपळा, गाजर असं शिजवून घातलं तर हा खर्च कमी होतो, पण मग ते रोज, मोजून आणि नीट प्रमाणात झालं पाहिजे. दूध-पोळी किंवा वरणभातावर लॅबचं पिल्लू जगतं, पण वाढत नाही. तुमच्या घरी अंड्याच्या पुढे काही शिजत नसेल तर सरळ तयार खाण्याचे पैसे धरा. सासूबाईंना कुत्र्यासाठी चिकन उकडायला लावण्याचा बेत मी बऱ्याच घरांत ऐकलाय, तो दोन आठवड्यांच्या पुढे टिकलेला फारसा बघितला नाही.

याच जागी एक खर्च वाचवून देते. पिल्लासोबत दुकानदार कॅल्शियमचं सिरप हमखास गळ्यात मारतात. 'लॅब आहे, हाडं मजबूत व्हायला हवीत.' तुम्ही मोठ्या जातीच्या पिल्लांसाठीचं तयार खाणं देत असाल तर त्यात कॅल्शियम मोजून घातलेलं असतं. वरून आणखी दिलं तर मोठ्या जातीच्या पिल्लाच्या हाडांची वाढ बिघडते. वाढत्या वयात आतड्यातून शोषलं जाणारं जास्तीचं कॅल्शियम रोखणं त्याच्या शरीराला जमत नाही. महिन्याचे तीन-चारशे रुपये देऊन पाय वाकडे करून घेण्यात काय अर्थ आहे?

मग लसी. सहा ते आठ आठवड्यांदरम्यान पहिला डोस, पुढे दर तीन-चार आठवड्यांनी एक, असं सोळा आठवड्यांचं होईपर्यंत. रेबीज बारा आठवड्यांनंतर. मध्ये जंताची औषधं, सुरुवातीला दर पंधरवड्याला आणि मग दर महिन्याला. डॉक्टरची फी धरून या सगळ्याचे पहिल्या वर्षाचे ८ हजार पुरतात. गोचीडांवरच्या गोळीचे वेगळे ७ हजार. हा खर्च लोकांना चैन वाटतो. पण आपल्याकडे गोचीडताप इतका आहे की पावसाळ्यानंतर माझ्या दवाखान्यात रोज एखादं तरी कुत्रं मलूल होऊन, हिरड्या पांढऱ्या पडून येतं. रक्ततपासणी, औषधं, सलाईन मिळून त्याचं बिल गोळीच्या वर्षभराच्या खर्चाइतकं सहज होतं, आणि रक्त चढवायची वेळ आली तर विचारूच नका.

वाटी, पट्टा, अंथरूण, पिंजरा, चावायच्या वस्तू यांचे ६ हजार. गादी महागाची घेऊ नका, ती फाडली जाणार आहे. पैसे उरले तर गुळगुळीत टाइल्सवर टाकायला रबरी मॅट घ्या, लॅबच्या वाढत्या सांध्यांना त्याचा जास्त उपयोग आहे. महापालिकेचा परवाना काढायला रेबीजच्या लशीचं प्रमाणपत्र लागतं. त्याची फी किरकोळ आहे, पण काढा. नसबंदी करणार असाल तर मादीचे खासगी दवाखान्यात साधारण १२ हजार, नराचे त्याहून कमी. लॅबमध्ये ती कोणत्या वयात करायची हे तुमच्या डॉक्टरशी बोलून ठरवा. मोठ्या जातींत फार लवकर करू नये असं माझं मत आहे. दिवाळीत, मे महिन्यात दहा दिवस बाहेर गेलात तर बोर्डिंगचे रोजचे सातशे धरून ७ हजार.

बेरीज केलीत तर ८५ हजार होते. पिल्लाची किंमत अजून यात आलेलीच नाही.

तुमच्या घरात आणखी एक खर्च आहे आणि तो बहुधा तुमच्या लक्षात आलेला नाही. लॅबला दिवसातून दोनदा नीट फिरवायला लागतं. तुम्ही दोघं सकाळी साडेआठला बाहेर पडणार, मुलगा नऊ वर्षांचा, राहिल्या सासूबाई. सहा महिन्यांचं लॅब समोर मांजर दिसलं की ज्या जोराने ओढतं, त्याने धडधाकट माणूस पडतो. अडुसष्ट वर्षांच्या बाईच्या हातात पट्टा देणं म्हणजे फ्रॅक्चरला निमंत्रण. माझ्या ओळखीत दोन आज्यांची मनगटं अशीच मोडली आहेत. म्हणजे फिरवायला माणूस लावावा लागेल, त्याचे महिन्याला ३ हजार. लसी पूर्ण झाल्यावरच पिल्लू रस्त्यावर न्यायचं असल्यामुळे पहिल्या वर्षात आठ महिने धरू : २४ हजार. आता एकूण १ लाख ९ हजार, महिन्याला सुमारे ९ हजार.

दुसऱ्या वर्षापासून नसबंदी आणि सामान वजा होतं, पण खाणं वाढतं आणि माणूस बाराही महिने लागतो, त्यामुळे आकडा तिथेच घुटमळतो. लॅब साधारण दहा-बारा वर्षं जगतं. अकरा वर्षं धरली तर आजच्याच दरांनी हे बारा लाख होतात.

आता तुमच्या २३ हजारांकडे बघा. अकरा वर्षांच्या महिन्यांत वाटले तर महिन्याला पावणेदोनशे रुपये. महिन्याला ९ हजार खर्चायची तयारी असलेल्या घराने पावणेदोनशेसाठी पिल्लाच्या आईबापांची चौकशी सोडून द्यावी, हे मला पटत नाही. आणि महिन्याला ९ हजार जड जाणार असतील तर १२ हजारांचं पिल्लूसुद्धा तुमच्यासाठी महाग आहे. हे कडू वाटेल, पण दीड वर्षाचं लॅब 'कुणी घेणारं असेल तर सांगा हो' म्हणत दवाखान्यात सोडायला आलेली घरं मी बघितली आहेत, आणि त्यातली बहुतेक वाईट माणसं नव्हती. त्यांनी हा हिशोब पिल्लू आणल्यावर केला, एवढंच.

याशिवाय २५ हजार रुपये अडीअडचणीसाठी वेगळे ठेवा. लॅब हे तोंडाने जगणारं कुत्रं आहे. मोजे, आंब्याची कोय, मुलाच्या खेळण्याचं चाक, काहीही गिळतं. कोय आतड्यात अडकली की रात्री अकरा वाजता ऑपरेशनचा निर्णय घ्यावा लागतो आणि त्या वेळी माणसाने पैशाचा विचार करत बसू नये असं वाटतं. कुत्र्यांचा विमा मिळतो, पण घेण्याआधी वगळलेल्या गोष्टींची यादी नीट वाचा, कारण आनुवंशिक आजार बऱ्याचदा त्या यादीतच असतात. ते किचकट वाटत असेल तर महिन्याला हजार रुपयांचं आरडी उघडा. माझ्या स्वतःच्या दोन कुत्र्यांसाठी मी तेच केलंय.

आता पिल्लाच्या किमतीकडे येते. ३५ हजार ही लूट आहे का? असू शकते. १२ हजार ही फसवणूक आहे का? तीही असू शकते. किमतीवरून यातलं काहीच कळत नाही.

पैदास नीट करायची म्हटलं तर खर्च कुठे होतो ते बघा. मादी दीड वर्षाची तरी व्हायला हवी, तोवर तिला पोसायचं. नराच्या मालकाला पैसे किंवा वेतातलं एक पिल्लू द्यायचं. त्रेसष्ट दिवसांचं गरोदरपण, त्यात सोनोग्राफी, चांगलं खाणं. सहा-आठ पिल्लं झाली की चौथ्या आठवड्यापासून त्यांना वरचं खाणं, दर दोन आठवड्यांनी जंताचं औषध, पहिली लस, मायक्रोचिप, नोंदणी. केंद्र सरकारने २०१७ साली कुत्र्यांच्या पैदाशीचे आणि विक्रीचे नियम काढले. त्यांनुसार ब्रीडरने राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करायची, मादीकडून वर्षातून एकापेक्षा जास्त वेत घ्यायचं नाही, आयुष्यात पाचापेक्षा जास्त घ्यायची नाहीत आणि आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायचं नाही. हे सगळं पाळणाऱ्याला लॅबचं पिल्लू १२ हजारांत विकून काही उरत नाही. मग इतक्या स्वस्तात कोण विकतं? एक तर ज्याने यातलं बरंच गाळलंय तो : मादी प्रत्येक माजाला भरवली, जंताचं औषध दिलंच नाही, पिल्लं पाचव्या आठवड्यात आईपासून तोडली. किंवा मग एखादं साधं घर, ज्यांच्या लॅबला एकदाच पिल्लं झाली आणि ज्यांना ती चांगल्या घरी जायला हवी आहेत. दोघांचा भाव सारखा असतो. फरक कळायला त्यांच्या घरी जावं लागतं.

कागदांबद्दल थोडं सविस्तर, कारण तुमचा सगळा प्रश्न त्यांच्याभोवती फिरतोय. केसीआय म्हणजे केनेल क्लब ऑफ इंडिया, मुख्यालय चेन्नईला. ब्रीडर वेताची नोंदणी करतो, पिल्लाला मायक्रोचिप बसते आणि प्रमाणपत्रावर पिल्लाचे आईबाप, मागच्या पिढ्या, ब्रीडरचं नाव आणि चिपचा पंधरा आकडी नंबर येतो. त्यावरून पिल्लू कोणत्या वंशाचं म्हणून नोंदवलंय ते कळतं. ते निरोगी आहे की नाही, हे त्यावर कुठेही लिहिलेलं नसतं. मी कागदवाल्या लॅबचे खुब्याचे भयंकर एक्स-रे बघितलेत आणि बिनकागदाचं चौदा वर्षं ठणठणीत जगलेलं लॅबही बघितलंय. तुम्हाला शोमध्ये उतरायचं नसेल, पैदास करायची नसेल, तर कागद हा तुमच्या कुत्र्याच्या रोजच्या जगण्यात काही बदल करत नाही.

तरी मी कागदांना किंमत देते, आणि ती एका कारणासाठी. ज्याने आपलं नाव आणि मादीचा नंबर नोंदवून दिलाय तो माणूस उद्या सापडतो. त्याच मादीचं आधीचं वेत कधीचं, हे विचारता येतं. बिनकागदाच्या विक्रेत्याचा मोबाइल नंबर पंधरा दिवसांनी लागत नाही, आणि माझ्याकडच्या तक्रारींत हे वाक्य सगळ्यात जास्त वेळा येतं.

कागद घेणार असाल तर दोन गोष्टी सांभाळा. 'पेपर नंतर पाठवतो' हे बरेचदा खरं असतं, प्रमाणपत्र यायला वेळ लागतोच. पण मग पाच हजार रोखून ठेवा, कागद तुमच्या नावावर झाल्यावर देईन म्हणा, आणि हे दोघांच्या सहीनिशी लिहून घ्या. खरा ब्रीडर याला हरकत घेत नाही. दुसरं, पिल्लू माझ्यासारख्या कुणाकडे नेऊन चिप स्कॅन करून घ्या. नंबर जुळला पाहिजे. आईबापांची प्रमाणपत्रं फ्रेम करून भिंतीवर लावलेली असतात आणि पिल्लाच्या नोंदणीचा पत्ताच नसतो, असं होतं.

आता ज्यासाठी मी तुम्हाला ३५ काय, ४० हजारसुद्धा द्या म्हणेन ती गोष्ट : आईबापांच्या खुब्यांचे एक्स-रे. लॅब आणि जर्मन शेफर्ड या जातींत खुब्याचा सांधा नीट न बसण्याचा दोष वंशातून येतो. त्याला हिप डिस्प्लेजिया म्हणतात. पिल्लू लहान असताना काही दिसत नाही. सहा-सात महिन्यांचं झालं की ते सशासारखं दोन्ही मागचे पाय एकत्र टाकून पळायला लागतं, जिना टाळतं, बसताना एका कुल्ल्यावर कलतं. वाकडमधल्या एका कुटुंबाचं लॅब होतं, ९ हजारांत आणलेलं. सातव्या महिन्यात ते लंगडायला लागलं. विकणाऱ्याने 'तुम्ही खायला नीट घातलं नाही' म्हणून हात वर केले. ऑपरेशनचा खर्च त्यांना झेपणारा नव्हता. मग वजन काटेकोर ठेवणं, पोहायला नेणं आणि महिन्याला दीड-दोन हजारांची सांध्याची औषधं. ते लॅब आता सहा वर्षांचं आहे, बरं चाललंय, पण गोळ्या काही सुटलेल्या नाहीत. ९ हजारांचं पिल्लू त्यांना केव्हाच लाखाला पडलंय.

आईबापांचे खुबे चांगले असले म्हणजे पिल्लाचे चांगलेच निघतील असं नाही. वजन, वाढीचा वेग, निसरडी फरशी यांचाही त्यात हात असतो. पण शक्यता बरीच सुधारते. आपल्याकडे एक्स-रे करणारे ब्रीडर थोडे आहेत, आणि जे करतात ते न विचारता दाखवतात. '३५ हजार का?' याचं उत्तर तुमच्या ब्रीडरने एक्स-रेच्या फिल्मने दिलं तर पुढे घासाघीस करू नका. उत्तर 'चॅम्पियन ब्लडलाइन आहे, मॅडम' एवढंच असेल तर त्याला माझ्या लेखी काही किंमत नाही.

बाजारातले असे आणखी शब्द तुम्हाला ऐकू येतील. 'हेवी बोन' म्हणजे पिल्लू दिसायला जाड. पुष्कळदा नुसतं जास्त खाऊ घातलेलं, कधी पोट जंतांनी फुगलेलं. 'शो क्वालिटी' हे आठ आठवड्यांच्या पिल्लाकडे बघून कुणी छातीठोक सांगू शकत नाही. 'डबल डोस झालाय', म्हणजे लशीचे डोस झालेत, या वाक्यावर मात्र जरा थांबायला हवं, कारण यात जीव जातो.

आपल्याकडे पिल्लं पंचेचाळिसाव्या दिवशी विकायची रूढी पडली आहे. नियम आठ आठवड्यांचा, म्हणजे छप्पन्न दिवसांचा. हे अकरा दिवस विक्रेत्याला नको असतात, कारण याच दिवसांत पिल्लं सगळ्यात जास्त खातात. आणि याच काळात आईच्या दुधातून मिळालेलं संरक्षण उतरत जातं. ते शिल्लक असेपर्यंत लस नीट काम करत नाही, आणि ते नेमकं कधी संपेल हे पिल्लागणिक वेगळं असतं. म्हणून तर डोस पुन्हा पुन्हा सोळा आठवड्यांपर्यंत द्यावे लागतात. पंचेचाळीस दिवसांच्या पिल्लाचे 'सगळे डोस झालेत' असं कुणी म्हणालं तर तो एक तर अडाणी आहे किंवा खोटं बोलतोय. कार्डावर लशीच्या बाटलीचं स्टिकर, बॅच नंबर, डॉक्टरची सही आणि नोंदणी क्रमांक असायला हवा. निळ्या पेनाने नुसती तारीख टाकलेली असेल तर लस झालीच नाही असं मी धरते आणि पहिल्यापासून सुरू करते.

पार्व्हो हा पिल्लांच्या आतड्यांचा जीवघेणा विषाणूजन्य आजार. त्याचा संसर्ग झाल्यापासून लक्षणं दिसायला साधारण तीन ते सात दिवस लागतात. म्हणजे घरी आणल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पिल्लाला उलट्या आणि रक्ताची हगवण सुरू झाली तर ते विकणाऱ्याकडूनच आजार घेऊन आलंय. एका दिवाळीनंतर चिखलीचं एक जोडपं असंच बीगलचं पिल्लू घेऊन आलं. सहा दिवस सलाईन, २१ हजारांचं बिल. ते वाचलं. त्याच वेतातली दुसऱ्या घरी गेलेली दोन वाचली नाहीत, हे त्यांना नंतर कळलं. विक्रेत्याने त्यांना 'दुसरं पिल्लू घेऊन जा' असं सांगितलं, जणू मिक्सर बदलून द्यायचाय! पार्व्होचा विषाणू घरात कित्येक महिने टिकतो आणि फिनेलला दाद देत नाही, त्यामुळे त्याच घरात लगेच दुसरं लहान पिल्लू आणणं म्हणजे त्यालाही त्याच रांगेत उभं करणं.

तर दोघांकडेही जा. अगदी घरी जा. रस्त्यावर, पेट्रोलपंपाजवळ 'मध्यावर भेटू' म्हणणाऱ्याकडून घेऊ नका. मादी बघा. तिची सड लोंबलेली, अंगावर दूध असायला हवं. 'आई गावाला आहे' हे उत्तर चालणार नाही. ती तुम्हाला बघून शेपूट हलवते की कोपऱ्यात दबते, ते बघा, कारण स्वभावही बराचसा तिथूनच येतो. जागेला वास किती आहे? पिल्लं एकमेकांशी खेळताहेत का? इतर वेतं, इतर जाती किती आहेत? पाच जातींची पिल्लं एकाच ठिकाणी दिसली तर मी बाहेर पडते. आणि पिल्लू न बघता, फक्त फोटोवर, टोकन म्हणून हजार रुपयेही पाठवू नका. दुसऱ्या राज्यातून विमानाने येणारं पिल्लू, मग त्याच्या पिंजऱ्याचे पैसे, मग विमानतळावर अडकल्याचे पैसे, ही मालिका माझ्या दोन शिकलेल्या, चांगल्या नोकरीतल्या ओळखीच्यांनी पूर्ण बघितली आहे. पिल्लू शेवटपर्यंत नव्हतंच.

हे सगळं बघून १२ हजारवाला घरगुती वेताचा निघाला, मादी तीन-चार वर्षांची, शांत, पहिलं-दुसरं वेत, कार्डावर स्टिकर, आणि तो छप्पन्न दिवसांपर्यंत थांबायला तयार, तर मी बिनकागदाचं पिल्लू डोळे झाकून घेईन आणि वाचलेले पैसे आरडीत टाकेन. ३५ हजारवाल्याकडे एक्स-रे असतील तर तिकडे जाईन. दोघांकडेही यातलं काही नसेल तर दोघांनाही नमस्कार.

२५ हजारांतच बसवायचं असेल तर आणखी एक वाट आहे, तीही सांगते. बदली झाली, बाळ झालं, परदेशी गेले, अशा कारणांनी दोन-तीन वर्षांची लॅब सोडून दिली जातात आणि प्राण्यांसाठी काम करणाऱ्या संस्था त्यांना घर शोधत असतात. खुबे कसे आहेत ते त्या वयात दिसतं, स्वभाव दिसतो, मोजे खाण्याचं वय बरंचसं सरलेलं असतं. किंमत शून्य, आणि तुमचे २५ हजार अडीअडचणीला शिल्लक. सासूबाईंचा विचार करता मला तर हेच जास्त बरं वाटतं. पण मुलाला पिल्लूच हवं असेल हेही समजतं.

काहीजण तुम्हाला लॅबऐवजी दुसरं सुचवतील. पग स्वस्त दिसतो, पण चपट्या नाकाच्या कुत्र्याचा उन्हाळ्यातला श्वास आणि डोळे, दोन्ही खर्चिक. शिह त्झूला दर दीड महिन्याला केस कापायला न्यावं लागतं. हस्कीचं नाव काढू नका. पुण्यात मे महिन्यात त्याचं विजेचं बिल लॅबच्या खाण्याहून जास्त येतं. माझी सुरुवातीची नोकरी लातूरकडे झाली, त्यामुळे कारवान या आपल्याकडच्या देशी जातीवर माझा जीव आहे. आखूड केस, कमी आजार, आपल्या उन्हाला सरावलेलं, आणि गावाकडे पिल्लू लॅबच्या मानाने स्वस्तात मिळतं. पण ते पळण्यासाठी घडलेलं शिकारी कुत्रं आहे, अनोळखी माणसाला लाडात येत नाही, आणि तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये ते तुम्हाला लॅबसारखं वागून दाखवणार नाही. मोकळी जागा असती तर मी जोर लावला असता.

राहिला वाढदिवस. जूनमध्ये आणू नका, असं माझं स्पष्ट मत. शाळा तेव्हाच सुरू होतात, घर सकाळी रिकामं होतं, पाऊस सुरू झाला की पिल्लाला बाहेर शी-शू शिकवणं अवघड आणि गोचीडांचा जोर वाढतो. शिवाय तारीख ठरलेली असली की माणूस जे मिळेल ते उचलतो, आणि विक्रेत्याला हे बरोबर कळतं. एप्रिलच्या सुट्टीच्या सुरुवातीला पिल्लू आलं तर मुलगा दिवसभर घरी असेल आणि शाळा उघडेपर्यंत लसींचे बरेचसे डोस होतील. तोवर वेळही आहे. दोघांना फोन करून फक्त एवढं विचारा : मादीचं हे कितवं वेत, खुब्यांचे एक्स-रे आहेत का, आणि छप्पन्न दिवसांपर्यंत पिल्लू ठेवाल का, त्याचे जास्तीचे पैसे देईन. ते काय म्हणाले ते मला कळवा, म्हणजे पुढचं बोलता येईल.